ग्राम बाल संरक्षण समितीचं प्रोसिडिंग एकदा उघडून बघा

कुठल्याही ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समितीचं प्रोसिडिंग बुक मागून बघा. मिळालंच तर बहुतेक वेळा दोन-चार पानं भरलेली असतात आणि पानापानावर मजकूर तोच: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. बालविवाह प्रतिबंधाबाबत चर्चा झाली. जनजागृती करण्याचे सर्वानुमते ठरले.’ खाली सह्या, त्यातल्या निम्म्या घरोघर जाऊन आणलेल्या. गावातल्या एकाही मुलाबद्दल त्या पानांत काही नसतं.

समितीची रचना मात्र चांगली आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. मुलांशी रोज संबंध येणारी माणसं एका सतरंजीवर बसवायची सोय दुसऱ्या कुठल्या समितीत इतकी सरळ नाही. आणि म्हणूनच माझं मत असं की गावपातळीवर मुलांसाठी आणखी योजना नको, आणखी ॲप तर मुळीच नको. सेविकेच्या मोबाइलमध्ये आता जागा उरलेली नाही. अंगणवाडीचं रजिस्टर, शाळेचा पट, आशाताईंची वही आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद, ही चारही दप्तरं गावात आहेतच. ती एकमेकांशी बोलत नाहीत आणि मूल त्यांच्या मधल्या फटीत पडतं.

पहिली फट जूनमध्ये दिसते. अंगणवाडीतून बाहेर पडलेल्या मुलांची यादी आणि पहिलीचा पट शेजारी ठेवा. जुळत नाहीत ती नावं खाली उतरवा. काही इंग्रजी शाळेत गेलेली असतात, काही मामाच्या गावी. उरलेल्या दोन-तीन नावांत हमखास एखादं दिव्यांग मूल असतं, ज्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून घरी ठेवलंय. या कामाला अर्धा तास पुरतो.

दुसरी फट सातवी-आठवीला, आणि ती जास्त घातक. गावातली शाळा संपते, मुलगी टीसी घेऊन जाते, शेजारच्या गावच्या हायस्कुलात प्रवेश होतच नाही. जुनी शाळा म्हणते, आमच्याकडून गेली. नव्या शाळेला ती माहीतच नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणून यादी असते, एक शाळा सोडलेल्या पण पुढे कुठेच न दाखल झालेल्या मुलांची. तिथे तिचं नाव पडून असतं. मुख्याध्यापकांनी जुलैअखेर तो ड्रॉपबॉक्स उघडून आपल्या गावाची नावं समितीसमोर ठेवली तर शोध लगेच सुरू होतो. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर शिक्षणहक्क कायदाही हात सोडतो, त्यामुळे उशीर परवडत नाही. पुढे लग्नाची बोलणी सुरू होतात ती बहुधा याच मुलींची.

त्या बालविवाहाबद्दल. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. खबर आली की मंडळी मांडवात जातात, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात, फोटो काढतात, परत येतात. आठवड्याने लग्न दुसऱ्या तालुक्यात उरकतं. हमीपत्राला तेवढीच किंमत. २००६च्या कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम आणता येतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच शून्य ठरतं. अर्ज अधिकाऱ्याने करायचा, पण तक्रार कोणीही करू शकतं. सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे वयाचा वाद उरत नाही. हे का होत नाही? कोर्टाची पायरी चढायला कोणी तयार नसतं आणि सरपंचांना पुढची निवडणूक दिसत असते.

स्थलांतराचं काम तारखेचं आहे. उसाच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळेने द्यायचा कागद, मात्र पट रिकामा झाल्यावर आठवतो. कोणी मुकादमाकडून उचल घेतली हे गावाला आधीच ठाऊक असतं, तेव्हा सप्टेंबरमध्येच यादी करा: कोणतं मूल बरोबर जाणार, कोणतं आजीकडे राहणार. जाणाऱ्याला पत्रक हातात द्या. राहणाऱ्यांच्या संख्येवर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवा. डिसेंबरात पाठवलेल्या प्रस्तावाला मंजुरी येईपर्यंत हंगाम निम्मा सरतो.

आता सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा मृत्यू लिहिताना ‘घरात अठराच्या आतली मुलं आहेत का?’ एवढा एक प्रश्न विचारायला हवा. उत्तर ‘हो’ आलं की त्याच दिवशी बालसंगोपन योजनेचा, म्हणजे आई किंवा बाप गमावलेल्या मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज सुरू करता येतो. एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज अडतो तो कागदांपायी: मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक. यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नाही तर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दुसरं, आधारवर नाव ‘आरती’ आणि शाळेत ‘आरतीबाई’. हे जुळवण्यातच मुलांची विधवा आई थकते आणि नाद सोडते. दाखला देताना हे तपासणं ग्रामपंचायतीला पाच मिनिटांचं काम आहे.

या सगळ्या फटींत सापडलेल्या मुलांची समितीपुढची यादी कशी असावी? रकाने पाचच: अनुक्रमांक, वय, अडचण, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘क्र. ९, वय १२, सातवीनंतर प्रवेश नाही, मुख्याध्यापक, १५ ऑगस्ट.’ नावांची वही सचिवाकडे, कुलपात. प्रोसिडिंगमध्ये फक्त क्रमांक. गावात गुपित फार काळ टिकत नाही, म्हणून हे जास्तच पाळायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती सभेत चर्चेला घ्यायचीच नाही, पोलिसांकडे द्यायची. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली माहिती दडवणं हा गुन्हा आहे, ‘गावातच मिटवू’ म्हणणारा त्यात अडकतो. बेवारस किंवा मारहाण झालेलं मूल सापडलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्या समितीची बैठक नसेल तर तिच्या एका सदस्यापुढेही नेता येतं, हे बऱ्याच पोलीस ठाण्यांना सांगावं लागतं.

राहिला पैसा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. मार्च जवळ आला की त्यातून खुर्च्या, सतरंज्या, वजनकाटे येतात. वजनकाटा हवाच, पण तिसरा कशाला? बालकल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. बालसंगोपनाच्या अर्जासाठी विधवा बाई दोन मुलांना घेऊन तिथे जायची म्हणजे एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी, आणि एका खेपेत काम होत नाही. या खेपांचं भाडं आणि झेरॉक्सचे पैसे त्या १० टक्क्यांतून देण्याचा ठराव एप्रिलच्या मासिक सभेत मांडा. लेखापरीक्षणात आक्षेप येईल अशी भीती ग्रामपंचायत अधिकारी घालतील, तेव्हा ठरावाची प्रत आधीच गटविकास अधिकाऱ्यांकडे मार्गदर्शनासाठी पाठवा आणि पोच घ्या.