टायरच्या जुन्या हवापंपाविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर आम्ही वाचला. पंप ठरल्या तारखेस आपल्या हाती पडला नाही आणि त्यामुळे आपली गैरसोय झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘नुसता रंग मारायला इतके महिने लावले’ हे आपले वाक्य जिव्हारी लागले. नवा ग्राहक आमच्याकडे येण्याआधी हेच वाचतो आणि आमचे पोट याच कामावर आहे, म्हणून खुलासा करणे भाग आहे.

आपला पंप, म्हणजे इको टायरफ्लेटर, आमच्याकडे आला तो खोक्यात, सुटा होऊन. तो कोणी उघडला हे आम्ही तेव्हाही विचारले नाही. पण काही स्क्रू भलत्याच मापाचे होते आणि आतला रबरी पडदा वाळून चिरलेला होता, एवढे येथे सांगितले पाहिजे.

आता रंगाविषयी. पंपाची पेटी बिडाची आहे. सर्व्हिस स्टेशनवर वर्षानुवर्षे उभे राहिलेले बीड आपल्या छिद्रांत तेल मुरवून बसते, आणि वरून कितीही लखलखीत दिसले तरी भट्टीत तापताच ते तेल बाहेर येऊन नव्या रंगाला फोड आणते. म्हणून पेटी आधी कोरीच भाजावी लागते, पुसावी लागते आणि पुन्हा भाजावी लागते. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवायचा भुकटीचा रंग, सुमारे 200 अंश सेल्सिअसला पक्के होते, तर कथील-शिशाचा नेहमीचा डाख 183 अंशांच्या आसपासच वितळू लागतो; त्यामुळे डाख दिलेला एकही भाग आत ठेवून चालत नाही. शिवाय इतक्या जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवणे आम्ही करत नाही, मग कोणाला कितीही घाई असो.

सर्वाधिक वेळ गेला तो आतल्या जस्ताच्या ओतीव भागात. जस्तात शिशाची थोडी जरी भेसळ राहिली, तरी काही दशकांत तो धातू आतून फुगतो आणि भेगाळतो. 1929 साली अमेरिकेत आलेल्या झामॅक या मिश्रधातूसाठी अतिशुद्ध जस्त घेतले गेले, ते याच कारणाने. आपल्या पंपातला भाग तसा शुद्ध नसावा, कारण स्क्रू सैल करताच त्याचा कोपरा खारी बिस्किटासारखा तुटून हातात आला. बाजारात तयार भाग मिळाला नाही, म्हणून मोजमापे घेऊन तो पितळेत नव्याने घडवला. हे काम पंप बंद केल्यावर कोणाला दिसत नाही, हे आमचे दुर्दैव.

आणि लाल थर भट्टीतून भाजून निघाल्यावर आपण छायाचित्र पाठवून पिवळा रंग हवा असे कळवले होते. भाजलेला थर पुसून निघत नाही. तो पूर्ण काढून सारे पहिल्यापासून करावे लागते. त्याचे जादा पैसे आम्ही लावले नाहीत. हे बोलून दाखवायचे नव्हते, पण अभिप्रायात त्याचा उल्लेखही नाही.

घंटा थांबत नाही, या तक्रारीविषयी थोडक्यात: दांडा फिरवून आकडा लावला की हवा ठोक्याठोक्याने जाते, घंटा वाजत राहते आणि टायर त्या दाबाला पोहोचला की ती गप्प होते. नळीच्या टोकाशी गळती असेल, तर हवा वाहतच राहते आणि घंटाही वाजतच राहते. मूळची नळी बदलू नये असा आग्रह आपलाच होता. तरीही पंप नळीसह आणून दिल्यास आम्ही तो विनामूल्य तपासू आणि प्रमाणित गेजशी दाब ताडून दाखवू.

यापुढे कामाचा अंदाज अधिक स्पष्टपणे देण्याचा आणि मधूनमधून कळवत राहण्याचा प्रयत्न राहील. जस्ताचा तो तुटका भाग आपल्या नावाच्या चिठ्ठीसह कार्यशाळेत ठेवलेला आहे. तो पाहिल्यावर आपणास योग्य वाटल्यास अभिप्रायातील ‘नुसता’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यशाळेचे मालक