‘कंपवात असेल तर डाळ बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, मूळ प्रथिनांत आहे, तेव्हा डाळी, दूध, अंडी, मासे बंद करा. फळं, भाज्या आणि भातावर राहा, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. जोडीला कवचबीजाचं चूर्ण घ्या, ते ‘निसर्गाचं औषध’ आहे. माझ्या सासऱ्यांना हा आजार असल्यामुळे दादरच्या मावशीपासून बोरिवलीच्या जुन्या सहकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी मला तो प्रेमाने पाठवला. त्यात एक खरी गोष्ट आहे, आणि सगळा घोळ तिच्यामुळेच होतो.

‘प्रथिनं कंपवात वाढवतात.’ नाही. प्रथिनं आड येतात ती औषधाच्या. या आजारावरच्या सिंडोपासारख्या गोळीत लेव्होडोपा हे मुख्य औषध असतं. ते लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं तयार होतात, त्यांतल्या काहींचा रस्ताही नेमका तोच. दोन्ही एकाच वेळी आली की औषध मागे पडतं. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत दिसलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, सकाळची गोळी ऑम्लेट खाताखाताच घ्यायचे. मग पेपर घेऊन गॅलरीत जायला उठले की उंबऱ्यापाशी पाय खिळायचे. पेपर हातात, नजर बाहेर आणि पाऊल काही उचलत नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, वेळ बदलली. गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा खाल्ल्यावर निदान तासाभराने, तीही पाण्याबरोबर. दुधाच्या चहाबरोबर नको. ऑम्लेट रात्रीच्या ताटात गेलं. सकाळचा उंबरा बराच सोपा झाला.

दिवसा प्रथिनं कमी ठेवून ती रात्री घ्यायची, ही पद्धत अमेरिकेत 1987 सालीच तपासून झाली आहे. तीही मुख्यतः ज्यांच्या गोळीचा असर दिवसात मध्येच उतरतो त्यांच्यासाठी. नुकतंच निदान झालेल्यांना सहसा तिची गरज पडत नाही.

‘मग पूर्णच बंद केली तर आणखी फायदा.’ इथे मेसेज नुसता चुकीचा राहत नाही, घातक होतो. सर्वसाधारण हिशेब किलोमागे रोज 0.8 ग्रॅम प्रथिनांचा, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. म्हाताऱ्या माणसाचं एवढंही मुश्किलीने भरतं. त्यात या आजारात वजन मुळातच उतरतं. स्नायू झिजले की तोल जातो, तोल गेला की खुब्याचं हाड. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी हा प्रयोग केला. हात थरथरायचा तसाच थरथरत राहिला, पँट मात्र पट्ट्यावर लोंबायला लागली आणि लिफ्टपर्यंत जायला आधार लागू लागला.

‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतात.’ डोपामिन म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन; लेव्होडोपापासून मेंदूत तेच बनतं. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात म्हणून हा आजार होतो, आणि त्या परत आणणारा आहार कुणाला सापडलेला नाही. मग काहींचा डोस कमी होतो तो कसा? प्रथिनं कमी झाली की तीच गोळी जास्त चढते. कधी इतकी की अंग आपोआप वळवळायला लागतं, आणि डॉक्टर मात्रा उतरवतात. घरचे समजतात, आजार उतरला! हुरूप येऊन गोळी स्वतःच अचानक बंद केली, तर जोराचा ताप, लाकडासारखं ताठलेलं अंग आणि भ्रम अशी अवस्था येऊ शकते. त्यात जीवही जातो.

‘शाकाहारच उत्तम.’ पालेभाज्या, फळं, भरपूर पाणी याला माझा विरोध कशाला असेल? बद्धकोष्ठता ही या आजाराची जुनी सोबतीण. पोट साफ असलं की भूक लागते, बरं वाटतं, आणि गोळीचा असरही बरा मिळू शकतो. पण दूधही सोडलं तर बी-12 वेगळं घ्यावं लागतं. लेव्होडोपा घेणाऱ्यांत त्याची कमतरता तशीही आढळते, आणि पायांतल्या मुंग्या, बधिरपणा आजाराच्या खात्यावर जमा होतात. रक्त तपासून घ्या. दूध जास्त पिणाऱ्यांत पार्किन्सन्स थोडा जास्त दिसल्याची निरीक्षणं आहेत, पण ती आजार होण्याच्या शक्यतेबद्दल; झालेल्या आजारावर दूध सोडणं हा उपाय ठरत नाही.

राहिलं कवचबीज, म्हणजे आपली खाजकुयली. यात खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि काळजी त्याचीच आहे. चमच्याभर चूर्णात ते किती, हे दर डब्याला बदलतं. सिंडोपाच्या गोळीत ते मोजून असतं, शिवाय मळमळ आवरणारं कार्बिडोपाही असतं. दोन्ही एकदम घेतली तर तो दुहेरी डोसच झाला. घरात कुणी हे चूर्ण आधीच घेत असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना तो डबा पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.