इंका विणकाम 'संपलं' म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की 1532 साली स्पॅनिश आले आणि इंकांचं (दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या बाजूला ज्यांचं राज्य होतं ते) विणकाम कायमचं संपलं, ते कापड म्हणजे गुप्त लिपी होती आणि ती आता शास्त्रज्ञांनी उलगडलीय, फक्त बायकाच विणायच्या आणि तसं कापड आज मशीनलाही जमत नाही. वर फोटो एका रंगीत कानटोपीचा. त्या टोपीकडे शेवटी येते.

आधी 'संपलं'. राजासाठी विणणाऱ्या निवडक बायकांची सरकारी व्यवस्था मोडली, हे खरंय. पण घरोघरचं विणकाम चालूच राहिलं ना! पेरूत कुस्कोजवळ चिंचेरोला मुली आजही आधी अरुंद पट्टी विणायला शिकतात, मग मोठ्या कापडाकडे वळतात. तिथलीच विणकर निल्दा कायान्याउपा, तिने इतरांना घेऊन 1996 मध्ये कुस्कोत पारंपरिक विणकामाचं केंद्र काढलं, बाहेरच्यांनाही तिथे शिकता येतं.

लिपीचं म्हणाल तर, राजाच्या अंगरख्यावर छोटे नक्षीदार चौकोन असतात, तोकापू. त्यांना अर्थ असेलही, पण ते अजून कुणालाही वाचता आलेले नाहीत, 'उलगडलं' ही शुद्ध थाप. बहुतेक किपूशी गल्लत झालीय. ते गाठी मारलेले दोर, त्यातले आकडे अमेरिकन अभ्यासक लेलँड लॉकने 1912 मध्ये उलगडून दाखवले, पण किपू म्हणजे कापड नव्हेच.

फक्त बायका? कुंबी (कुणबी नव्हे!) हे सगळ्यात भारी कापड विणणारे पुरुषही होते. आपल्या पैठणीसारखं तेही दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं.

मशीनचं अर्धं खरंय, पण कारण भलतंच. मिलमध्ये लांबच लांब ताणा (उभे धागे) लावतात आणि नंतर कापड कापतात. पेरूतल्या या मागावर जेवढं कापड हवं तेवढाच ताणा, एक टोक खुंटीला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला, कात्री लागतच नाही, चारही बाजूंना काठ. खरा वैताग शेवटच्या चार बोटांत, धागे इतके ताठ होतात की मधून काडी जात नाही, मग सुईने एकेक आडवा धागा रफू केल्यासारखा ओवायचा. मी एकदा खिडकीच्या गजाला बांधून हातभर पट्टी केली, तर शेवटच्या दोन इंचांना अख्खी दुपार गेली आणि नक्षी चुकली ती चुकलीच.

आता टोपी. मराठीत मागावरचंही 'विणणं' आणि सुयांवरचंही 'विणणं', म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं, पण ती टोपी सुयांवरची आहे, आणि सुयांवरचं विणकाम पेरूत नेलं ते स्पॅनिश लोकांनीच.