विद्वानांची तुकडी राहिलीच
उमय्यद खलिफांविरुद्धचं इब्न अल-अशअथ या सरदाराचं बंड तुमच्या लेखात ‘गव्हर्नरशी बिनसलेल्या सरदाराचा उठाव’ म्हणून दोन ओळींत उरकलंय, ते काही पटलं नाही. उमय्यदांचा इराकचा गव्हर्नर हज्जाज याने इब्न अल-अशअथच्या हाताखाली झाबुलिस्तानवर (आजच्या अफगाणिस्तानातला प्रदेश) धाडलेली फौज इतकी नटलेली की तिला ‘मोरांची फौज’ म्हणत. तीच उलटून इराकवर चालून आली. बंडखोरांत कुराणपाठक विद्वानांची स्वतंत्र तुकडी लढली, त्याचा तर लेखात पत्ताच नाही. ७०१मध्ये कूफ्याजवळ दैर अल-जमाजिमच्या लढाईत बंडखोरांची धूळधाण उडाल्यावर त्यांच्यातल्या शाबी या विद्वानाने माफी मागून जीव वाचवला. दुसरा विद्वान सईद बिन जुबैर मात्र कित्येक वर्षं निसटत राहिला, शेवटी मक्केत सापडला आणि ७१४च्या सुमारास हज्जाजने त्याची मान उडवली. (हज्जाज स्वतः म्हणे एकेकाळी ताइफला पोरांना शिकवायचा!) बंडानंतर हज्जाजने इराकमध्ये वासित हे नवं शहर वसवून तिथे सीरियन सैन्य ठेवलं. कूफा-बसरा या इराकमधल्या जुन्या शहरांवर त्याचा काडीचा भरवसा उरला नव्हता.