जेसन खरा खुनी नव्हता. आजारी मुलांना त्याचं नाव चिकटवू नका

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलाच्या शाळेचं पवना धरणाच्या काठी दोन दिवसांचं शिबिर आहे. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी एक लांबलचक मेसेज टाकला, तो मुलांपर्यंत पोचला, आणि त्या दिवशी शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मुलांनी माझ्या भाच्याला ‘जेसन’ म्हणून हाक मारली. जेसन म्हणजे ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या अमेरिकन भयपटांच्या मालिकेतला मुखवटेवाला खुनी.

त्यालाच का, तेही सांगते. भाचा बारा वर्षांचा आहे. तान्हा असतानाच त्याच्या डोक्यात पाणी साचत असल्याचं कळलं आणि ऑपरेशन करून शंट बसवला. कानामागे बोट फिरवलं की कातडीखालची नळी हाताला लागते. वर्गाला हे माहीत आहे, कारण त्यानेच मोकळेपणाने सांगितलं होतं.

मेसेज थोडक्यात असा: ‘फ्रायडे द थर्टीन्थ ही सत्यकथा आहे. जेसन व्होरहीज शुक्रवारी, १३ जून १९४६ ला जन्मला. त्याला डोक्यात पाणी होण्याचा रोग होता, अशी मुलं मोठेपणी हिंस्र होतात. तो कॅम्पच्या तळ्यात बुडाला पण मेला नाही, हॉकीचा मुखवटा घालून त्याने तिथल्या मुलांना मारलं. १९६० मध्ये फिनलंडच्या तळ्याकाठी चौघांचा बळी त्यानेच घेतला. त्याचं प्रेत आजही तळ्याच्या तळाशी साखळदंडाने बांधलेलं आहे, फोटो पाहा. मुलांना तळ्याकाठी पाठवू नका.’

हे चित्रपट मी कॉलेजात असताना व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून पाहिलेत, पुढचे जसे आले तसे पाहिले. एकूण बारा आहेत, २००३ चा ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ आणि २००९ ची नवी आवृत्ती धरून. मला ते आवडतात. म्हणूनच जास्त संताप येतो.

सगळ्यात आधी आजाराचं वाक्य घेते, कारण बाकीचं खोटं आहे आणि हे खोटं असून घातकही आहे.

आपल्या मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत एक पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात तो रोज साधारण अर्धा लिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. ही वाट कुठे तुंबली की द्रव साचतो, पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. तान्ह्या बाळाची कवटी अजून जुळलेली नसते, म्हणून डोकं मोठं दिसू लागतं. डॉक्टर त्याला हायड्रोसेफलस म्हणतात. शंट म्हणजे तो जास्तीचा द्रव पोटात सोडणारी बारीक नळी, मध्ये दाबावर उघडणारी झडप. आजार नळाच्या कामासारखा आहे: वाट तुंबली, दुसरी काढून दिली. वेळेवर उपचार झाले नाहीत तर नजरेवर, चालण्यावर, शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. काही मुलांना उपचारानंतरही अभ्यासात मदत लागते. पण त्या पाण्याने मूल खुनी होतं, हे कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी एकदा तरी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला विचारायला हवं होतं.

आणि गोष्ट म्हणून तरी नीट वाचा. १९८० च्या पहिल्या चित्रपटात जेसन कुणालाही मारत नाही. एकालाही नाही. सगळे खून करते त्याची आई, पामेला व्होरहीज. ती भूमिका बेट्सी पामर यांनी केली होती. तिचा मुलगा १९५७ मध्ये कॅम्पच्या तळ्यात बुडालेला असतो, कारण ज्या तरुण स्वयंसेवकांनी पोरांवर लक्ष ठेवायचं ते आपल्यातच गुंग होते. त्याचा सूड ती उगवते. म्हणजे मोठ्या डोक्याचं ते पोर या गोष्टीतला बळी आहे. ते शेवटी क्षणभर पाण्यातून वर येतं, तेही बचावलेल्या मुलीच्या स्वप्नात असावं असंच दाखवलंय. मारेकरी कोण, यात लोक इतके चुकतात की १९९६ च्या ‘स्क्रीम’मध्ये फोनवरचा खुनी हाच प्रश्न विचारतो, मुलगी ‘जेसन’ म्हणते आणि तिचं उत्तर चूक ठरतं.

मग ते डोकं तसं का? पटकथा लिहिणाऱ्या व्हिक्टर मिलर यांच्या मूळ कल्पनेत जेसन साधासुधा दिसणारा मुलगा होता. चित्रीकरणाच्या तयारीत ठरलं की शेवटचा धक्का जोरात बसायला तो विद्रूप हवा. रंगभूषा टॉम साविनी यांची. त्यांच्या चमूने एका किशोरवयीन नटाच्या डोक्यावर टकलाचा फुगीर घुमट चढवला आणि चेहरा वेडावाकडा केला. घाबरवण्यासाठी खऱ्या आजाराचं रूप उसनं घेतलं. हा त्या चित्रपटाचा दोष आहे आणि मला आवडत असला तरी मी तो झाकणार नाही. पुढच्या भागांनी तर त्याच मुलाला मोठा करून सुरा हातात दिला. पण रबराच्या टोपीवरून खऱ्या मुलांचं भविष्य वर्तवणं हे त्याच्याही पलीकडचं आहे.

एक तारीख मनात धरून ठेवा. गोष्टीतला जेसन १९५७ मध्ये बुडतो. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५६ मध्ये, अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाने याच आजाराच्या मुलांसाठी एक चिमुकली झडप घडवली. तो डॉक्टर नव्हता. स्वतःच्या मुलाला हा आजार होता आणि तेव्हाच्या नळ्या सतत तुंबत होत्या, म्हणून त्याने ते काम हाती घेतलं. ती झडप असंख्य मुलांच्या डोक्यात बसली आणि ती मुलं जगली. या आजाराची सत्यकथा सांगायचीच असेल तर ही सांगा.

भाच्याने मला फोनवर विचारलं, “मावशी, जेसनला पण शंट होता का?” मी म्हटलं, “नाही रे, तो माणूसच नाही, गोष्टीतला आहे. शंट असलेला खरा मुलगा तू आहेस.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग त्यांना सांग ना तसं.” म्हणून हे लिहिते आहे.

आता ‘सत्यकथा’. इथे माझ्याकडे एकच पुरावा आहे, पण तो अमेरिकेच्या न्यायालयाचा आहे. तिथल्या कायद्यानुसार लेखकाला ठरावीक वर्षांनी आपल्या लेखनाचा हक्क परत मागता येतो. व्हिक्टर मिलर यांनी २०१६ मध्ये तशी नोटीस दिली. निर्मात्यांच्या कंपन्या त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. मिलर नोकर म्हणून लिहीत होते की स्वतंत्र लेखक म्हणून, हा मुख्य वाद होता. २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि ३० सप्टेंबर २०२१ ला सेकंड सर्किटच्या अपील न्यायालयाने मिलर यांच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही बाजू पाच वर्षं एका गोष्टीवरच भांडत होत्या: हे रचलं कुणी आणि ते कुणाच्या मालकीचं. ही घडलेली घटना आहे, तिचा मालक कुणी नाही, असं म्हणून खटला उडवून लावायची सोन्यासारखी संधी निर्मात्यांना होती. तसं कुणी म्हटलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. उलट पुढच्या भागांत आलेला मोठा, मुखवट्यातला जेसन कुणाचा, हा प्रश्न न्यायालयाने उघडा ठेवला. खऱ्या माणसाच्या मालकीवर असा वाद होतो का?

गोष्ट जन्मली कशी, तेही गुपित नाही. १९७८ मध्ये ‘हॅलोवीन’ने थोड्या पैशांत प्रचंड कमाई केली. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांना तसाच एक चित्रपट काढायचा होता, त्यांनी मिलरना बोलावलं. मिलर यांचं कामचलाऊ नाव वेगळंच होतं. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हे नाव कनिंगहॅम यांना सुचलं आणि १९७९ च्या जुलैमध्ये, पटकथा पुरी व्हायच्या आत, त्यांनी ‘व्हरायटी’ या व्यापारी पत्रात पानभर जाहिरात दिली: काच फोडून बाहेर येणारी अक्षरं. ‘जेसन’ हे नाव मिलर यांनी घरातून, आपल्या मुलांच्या नावांवरून जुळवलं. व्होरहीज हे न्यू जर्सीकडे रुळलेलं डच आडनाव, तिथे त्या नावाचं एक गावही आहे.

फिनलंडचं प्रकरण मात्र खरं आहे, आणि ते असं वापरलेलं पाहून वाईट वाटतं. ५ जून १९६० च्या पहाटे एस्पो शहरातल्या बोडोम तळ्याकाठी तंबूत झोपलेल्या चार तरुण मुलांवर हल्ला झाला. तिघं मेली, दोघी तर पंधराच्या होत्या. चौथा जबर जखमी होऊन वाचला. म्हणजे ‘चौघांचा बळी’ हेही खोटं. मुखवट्याचा तिथे संबंध नाही. तो शुक्रवारही नव्हता, रविवार होता. अनेक वर्षांनी पोलिसांनी त्या वाचलेल्यालाच आरोपी केलं, २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, आणि खुनी आजवर सापडलेला नाही. ज्या घरांनी मुलं गमावली आणि उत्तर मिळालं नाही, त्यांच्या दुःखावर न्यू जर्सीतल्या काल्पनिक खुन्याचं नाव डकवायचं? हे करणाऱ्याने एकदा त्या तिघांच्या वयाकडे बघावं.

फोटोबद्दल. तो खोटा नाही, हे मला मान्य करावं लागतं. पाण्याखाली साखळीने जखडलेला, मुखवटा घातलेला जेसन खरोखर तिथे उभा आहे. पण तो पुतळा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात क्रॉस्बी गावाजवळ लोखंडाच्या जुन्या खाणीचा खड्डा पाण्याने भरून तळं झालंय. २०१३ मध्ये चित्रपटाच्या एका चाहत्या पाणबुड्याने सुमारे १२० फूट खोलीवर तो नेऊन बसवला. कल्पना १९८६ च्या सहाव्या भागाच्या शेवटातून घेतली, जिथे जेसनला दगडाला बांधून तळ्यात बुडवतात. पाणबुडे तो पाहायला मुद्दाम खाली जातात. आणि आमच्या गटात त्याच फोटोखाली एका काकांनी ‘देव आपल्या मुलांचं रक्षण करो’ असं लिहिलं. काका, प्रेत इतकी वर्षं पाण्यात असं ताठ उभं राहतं का, एवढं तरी मनात यायला हवं होतं.

मुखवट्याचं लगेच सांगून टाकते. पहिल्या भागात तो नाही. १९८१ च्या दुसऱ्या भागात जेसन डोक्यावर कापडी पोतं घालतो, एका डोळ्यापुरतं भोक. हॉकीचा मुखवटा येतो १९८२ च्या तिसऱ्या भागात, तोही योगायोगाने. प्रकाशयोजनेची चाचणी घ्यायची होती, रंगभूषा पुन्हा करत बसायला वेळ नव्हता, थ्रीडीचं काम बघणाऱ्या माणसाच्या पिशवीत हॉकीचं सामान होतं. त्यातला गोलरक्षकाचा मुखवटा चढवला आणि दिग्दर्शक स्टीव्ह मायनर यांना तो इतका पटला की तोच मोठा करून, लाल खुणा रंगवून ठेवला. १९८५ च्या पाचव्या भागात तर मुखवट्याआड जेसन नाहीच, दुसराच माणूस निघतो.

तारखेला पंचांगही लागत नाही, फोनमधलं कॅलेंडर पुरे. १३ जून १९४६ ला गुरुवार होता. पहिला चित्रपट अमेरिकेत लागला तो शुक्रवारीच, पण ९ मे १९८० ला.

आणखी एक अर्धसत्य देऊन टाकते. कॅम्प खरा आहे. पहिल्या भागाचं चित्रीकरण न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनजवळ, नो-बी-बॉस्को नावाच्या स्काउटच्या शिबिरस्थळी झालं. ते आजही चालू आहे. तळंही आहे, सँड पाँड नावाचं. इतकी वर्षं तिथे मुलं राहायला येतात, पोहतात, घरी परत जातात.

तळ्याकाठच्या शिबिराची काळजी करू नका असं मी म्हणत नाही. गोष्टीतला मुलगा बुडाला कारण पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि पवनेच्या पाण्यातही तोच धोका आहे. मुखवटेवाला बाजूला ठेवा आणि आयोजकांना विचारा: मुलांइतकी लाइफ जॅकेट आहेत का, पाण्याशी नेमकं कोण उभं राहणार, त्याला पोहता येतं का, सर्वांत जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे. बहिणीने हे चारही प्रश्न गटात टाकले. त्या लांबलचक मेसेजला सत्तावीस जणांनी हात जोडले होते. या प्रश्नांना संध्याकाळपर्यंत दोघांनी उत्तर दिलं.

भाचा जाणार आहे. बहिणीने त्याच्या बाईंसाठी एक कागद लिहिलाय, मी तो वाचून पाहिला. त्यात तिने लिहिलंय: शंट तुंबला तर डोकं खूप दुखतं, उलट्या होतात, मूल सुस्तावतं, उठवूनही नीट उठत नाही. असं काही दिसलं तर वाट पाहू नका, गाडी काढा आणि मला फोन करा. खाली तिचा आणि डॉक्टरांचा नंबर. बाईंनी तो तिच्यासमोर दोनदा वाचला, एक शंका विचारली आणि घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.