प्रोबायोटिकने महिन्यात आठ किलो? खुलासा

"रोज एक प्रोबायोटिक कॅप्सूल घ्या, लठ्ठपणाचे जंतू मरतील, महिन्यात आठ किलो उतरतील, शुगरची गोळीही सुटेल," असा मेसेज फिरतोय. त्यात एका प्रयोगाचा दाखला आहे. तो प्रयोग खरा, पण उंदरांवरचा. 2006 साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. माणसांवरच्या प्रोबायोटिक चाचण्यांचा एकत्र हिशेब 2018 साली मांडला गेला, तेव्हा सरासरी घट निघाली जेमतेम 0.6 किलो. शिवाय प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणूच. ते काही जंतुनाशक नव्हे. दही-ताक खुशाल घ्या (बिनसाखरेचं!), पण डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणं घातक आहे. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.