श्रेय एकट्या इब्सेनचं नाही

तुमची प्रतिक्रिया वाचली. १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीवर लिहिताना मी ब्लेगडाम रुग्णालयाला उगाच मोठं केलं, असं तुमचं म्हणणं. करामत सगळी ब्योर्न इब्सेन या बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञाची. रुग्णालयाकडे श्वास द्यायची धड यंत्रं नव्हती आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना मात्र राबवून घेतलं.

यंत्रांचं खरं आहे. आयर्न लंग, म्हणजे रुग्णाला आत झोपवून श्वास देणारी मोठी टाकी, एकच होतं, शिवाय छातीवर बसवायची सहा यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत पोलिओनं श्वास अडकलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. पण शहराचं साथरोगांचं रुग्णालय हेच. आलेल्या पोराला ते परत कुठे पाठवणार होते?

इब्सेन आपणहून आले नव्हते. आपल्या उपचारांनी माणसं वाचत नाहीत हे मान्य करून मुख्य डॉक्टर लासेन यांनी त्यांना बोलावलं, तेही भूलतज्ज्ञाला ऑपरेशन थिएटरबाहेर कोणी विचारत नसे त्या काळात. मला हे फार मोठं वाटतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय, म्हणजे श्वास पुरत नाहीये, हे इब्सेननीच ओळखलं, त्यात वाद नाही. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला, आणि मुलगी वाचली.

पण ही झाली एक मुलगी. पुढे एकाच वेळी ७० पर्यंत रुग्ण अशा हातानं दिलेल्या श्वासावर होते, म्हणजे तितक्या खाटांपाशी रात्रंदिवस कुणीतरी पिशवी दाबत बसलेलं हवं. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून मिळून १,६५,००० तास हे काम केलं. नळीतला कफ ओढून काढायला आणि कूस बदलायला नर्सेस होत्या. गळ्यात नळी असल्यानं मुलांना बोलता येत नसे. चेहरा बघूनच श्वास पुरतोय की नाही ते ताडायचं. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत. हे सगळं एकटा भूलतज्ज्ञ कसं उभं करणार? मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं ते या पाळ्यांमुळे.

'राबवून घेतलं' हा शब्द मात्र मला पटत नाही. त्यांना पाळीचे पैसे मिळत होते. त्यांना सोसावं लागलं ते वेगळंच: तासन्‌तास जिला श्वास दिला ती पोर आपल्याच हाताखाली जायची. विशीतल्या मुलांवर हे ओझं टाकायला नको होतं असं तुम्ही म्हणालात, तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या ऑगस्टमध्ये पिशवी दाबायला दुसरं होतं कोण?